पायथॉन मॉड्यूल डेबियनसाठी पॅकेज करताना : लॅपटॉपवर बिल्ड होतो, एसबिल्डमध्ये फुटतो

सिंहगडरोडकर

नमस्कार मंडळी. पुण्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात दोन दिवसांची पॅकेजिंग कार्यशाळा घ्यायची आहे. उदाहरण म्हणून मराठी तारखा आणि अंक मजकुरात व पीएनजीत उतरवणारं एक छोटं पायथॉन मॉड्यूल घेतलंय. शुद्ध पायथॉन, सी कोड नाही. पायप्रोजेक्ट टॉमल फाइल आहे, बिल्ड बॅकएंड, म्हणजे मॉड्यूल बांधणारं टूल, हॅचलिंग, आवृत्तीचा आकडा हॅच-व्हीसीएस गिटच्या टॅगवरून काढतं. चाचण्या पायटेस्टवर.

मशीनवर थेट डीपीकेजी-बिल्डपॅकेज चालवलं की डेब, म्हणजे डेबियनची पॅकेज फाइल, तयार. तेच सोर्स एसबिल्डला, म्हणजे स्वच्छ वेगळ्या वातावरणात पॅकेज बांधणाऱ्या टूलला, दिलं की चुकांची रांगच लागते. आधी हॅच-व्हीसीएस सापडत नाही. ते बिल्ड-डिपेंड्समध्ये (बांधताना लागणाऱ्या पॅकेजांच्या यादीत) टाकलं की आवृत्ती ओळखता येत नाही. ती हाताने दिली की चाचण्यांमध्ये 'एशिया/कलकत्ता' टाइमझोन नाही. एक चाचणी १२७.०.०.१ च्या पोर्ट ९ वर जाऊन 'कनेक्शन रिफ्यूज्ड' म्हणते. पीएनजीच्या चाचणीत अक्षरांच्या जागी चौकोन येतात. डेबियन अनस्टेबल (विकास चालू असलेली शाखा), डेबहेल्पर कॉम्पॅट १३.

मुलांना हे कुठल्या क्रमाने शिकवावं? आणि पर्ल, रस्ट वगैरेसाठी वेगळं काय सांगावं?

कंट्रोलफाइल

पाचही तक्रारींचं मूळ एकच आहे. लॅपटॉपवर जे आयतं मिळतंय ते तुमच्या डेबियन डिरेक्टरीत कुठेच लिहिलेलं नाही. म्हणून मुलांना थेट मशीनवर बिल्ड करायची सवयच लावू नका. पहिला तास सीएच-रूटचा, म्हणजे मशीनपासून वेगळ्या ठेवलेल्या छोट्या डेबियनचा, मग बाकी सगळं.

एमएमडेबस्ट्रॅपने 'बिल्डडी' व्हेरियंटचा अनस्टेबल टारबॉल (एकत्र बांधलेली संग्रह फाइल) बनवा, होम डिरेक्टरीतल्या कॅशमध्ये एसबिल्डच्या फोल्डरात ठेवा, आणि एसबिल्डच्या कॉन्फिगमध्ये सीएच-रूट मोड 'अनशेअर' करा. रूटचा पासवर्ड लागत नाही, त्यामुळे कॉलेजच्या लॅबमध्ये सोयीचं. पण यूआयडीमॅप हे पॅकेज हवं, आणि वापरणाऱ्याच्या नावाने सबयूआयडी व सबजीआयडी फाइलींत नोंद हवी. लॅबमधलं लॉगिन एलडॅप या मध्यवर्ती सर्व्हरवरून येत असेल तर ही नोंद आपोआप होत नाही, आदल्या दिवशी जाऊन बघा. टारबॉल पेनड्राइव्हवर न्या आणि एका मशीनवर ॲप्ट-कॅशर-एनजी लावा, नाहीतर अख्खी लॅब एकाच वेळी तीच पॅकेजं खेचत बसेल.

आता क्रम. सोर्स उघडलं की सगळ्यात आधी पायप्रोजेक्ट टॉमलमधला बिल्ड-सिस्टिमचा भाग वाचायचा. रीडमी नंतर. तिथल्या 'रिक्वायर्स'मधलं एकेक नाव आर्काइव्हमध्ये (डेबियनच्या पॅकेज भांडारात) आहे का ते बघायचं. तुमची दोन्ही आहेत : पायथॉन३-हॅचलिंग आणि पायथॉन३-हॅच-व्हीसीएस. नसती तर मॉड्यूल बाजूला ठेवून आधी ते बिल्ड टूल पॅकेज करावं लागलं असतं. पिप या पायथॉनच्या इन्स्टॉलरने ओढून घ्यायची पळवाट इथे नाही, कारण मेन या मुख्य विभागातल्या पॅकेजने बिल्ड होताना नेटवर जायचं नाही हे डेबियन पॉलिसीतच आहे.

बिल्ड-डिपेंड्स असे : डेबहेल्पर-कॉम्पॅट (= १३), डीएच-सिक्वेन्स-पायथॉन३, पायबिल्ड-प्लगइन-पायप्रोजेक्ट, पायथॉन३-ऑल, आणि वरची दोन टूल्स. फक्त चाचण्यांना लागणारं जे असेल, म्हणजे पायटेस्ट, टीझेडडेटा, फाँट, त्यापुढे 'नोचेक' प्रोफाइलची खूण करा, म्हणजे चाचण्या न चालवता बांधताना ते वगळलं जातं. आर्किटेक्चर 'ऑल', म्हणजे सगळ्या प्रोसेसरांना एकच डेब. डिपेंड्समध्ये पायथॉन३:डिपेंड्स आणि मिस्क:डिपेंड्स ही दोन व्हेरिएबल, बाकी डीएच-पायथॉन मेटाडेटा वाचून भरतं.

पायबिल्ड-प्लगइन-पायप्रोजेक्ट मुलं हमखास विसरतात. सोर्समध्ये नावापुरतं जुनं सेटअप डॉट पीवाय पडलेलं असलं तर पायबिल्ड (डेबियनमध्ये पायथॉन मॉड्यूल बांधणारं टूल) जुन्या वाटेने जातं, बिल्ड हिरवा होतो, आणि पॅकेजच्या पोटात आवृत्ती ०.०.० किंवा नावच 'अननोन'. म्हणून प्रत्येक बिल्डनंतर डेबमधली यादी काढून डिस्ट-इन्फो फोल्डरचं नाव डोळ्यांनी वाचायचं. नाव आणि आवृत्ती दोन्ही तिथे एका ओळीत दिसतात.

कंट्रोलफाइल

वरचं लांबलं म्हणून उरलेल्या चार चुका वेगळ्या लिहितो.

आवृत्ती : टारबॉलमध्ये गिटचा फोल्डर नसतो, त्यामुळे टॅग वाचणारं टूल अडतं. हॅच-व्हीसीएसच्या आत सेटअपटूल्स-एससीएमच आहे, म्हणून त्याचंच 'प्रिटेंड व्हर्जन' हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल चालतं. रूल्स फाइलमध्ये (बांधणीच्या पायऱ्यांच्या फाइलमध्ये) डीपीकेजीची पीकेजी-इन्फो मेकफाइल जोडा आणि तिच्यातली अपस्ट्रीम, म्हणजे मूळ लेखकाची, आवृत्ती या व्हेरिएबलला द्या. आकडा हाताने लिहू नका, पुढच्या आवृत्तीला बदलायचा राहतोच. आणखी एक अडचण : डेबियनमध्ये पूर्वआवृत्ती १.२~आरसी१ अशी लिहितात, कारण तरंगरेषेशिवाय लिहिली तर डीपीकेजी १.२आरसी१ ला १.२ पेक्षा नवी समजतं. पण पायथॉनच्या पीईपी ४४० ला ती तरंगरेषा मान्य नाही. तेव्हा पुढे देण्याआधी ती काढा. '+डीएस' किंवा '+डीएफएसजी' शेपूट (टारबॉल पुन्हा बांधल्याची खूण) असेल तर तेही छाटा.

टाइमझोन : यात दोन गोष्टी आहेत. सीएच-रूटमध्ये टीझेडडेटा असेलच असं धरू नका, बिल्ड-डिपेंड्समध्ये लिहा. दुसरं, 'एशिया/कलकत्ता' हे जुनं नाव आता टीझेडडेटा-लेगसी या वेगळ्या पॅकेजात गेलंय. ते पॅकेज जोडून भागेल, पण तसं करू नका. पॅच घालून 'एशिया/कोलकाता' करा आणि तो मूळ लेखकाकडे पाठवा, कारण वापरणाऱ्याच्या मशीनवरही हेच फुटणार आहे. शिवाय बिल्ड मशीन यूटीसीत चालतात. 'आजची तारीख' तपासणारी चाचणी भारतीय वेळेला मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळात बिल्ड झाला की एका दिवसाने चुकते, बाकी दिवसभर पास होते. अशी चाचणी दिसली की टाइमझोन ठरवून द्या.

पोर्ट ९ : हे पायबिल्ड मुद्दाम करतं. एचटीटीपी प्रॉक्सी त्या बंद पोर्टवर वळवलेली असते. लॉगमध्ये हा पत्ता दिसला की समजायचं, चाचणी नेटवर जातेय. पायबिल्डच्या टेस्ट आर्ग्युमेंटमध्ये तेवढी चाचणी नावाने वगळा. सगळ्या चाचण्या बंद करून मोकळं होऊ नका.

चौकोन : फाँट नाही. फाँट्स-लोहित-देवा बिल्ड-डिपेंड्समध्ये घाला, अर्थात नोचेकसह. चाचणी पीएनजी बाइटन्‌बाइट जुळवत असेल तर मात्र फाँटची आवृत्ती बदलली की ती पुन्हा फुटेल. तिथे प्रतिमेची रुंदी किंवा रिकामी नसणं एवढंच तपासायला लेखकाला सुचवा.

पर्लवाली_कर्वेनगर

पर्लचं मी सांगते. साचा बराच स्थिर आहे, पण खड्डे वेगळे.

नाव लिब-अमुक-पर्ल असं. डीएच-मेक-पर्लला सीपॅन या पर्लच्या भांडारावरचं मॉड्यूलचं नाव दिलं की ऐंशी टक्के डेबियन डिरेक्टरी तयार मिळते, कॉपीराइट मात्र तपासावाच लागतो. बिल्ड टूल कोणतं ते सोर्सच्या मुळाशीच कळतं : मेकफाइल डॉट पीएल असेल तर एक्सट्यूटिल्स-मेकमेकर, ते पर्लसोबतच मिळतं. नुसतं बिल्ड डॉट पीएल असेल तर मॉड्यूल-बिल्ड, आणि ते पर्ल ५.२२ पासून गाभ्यातून गेलंय, म्हणजे लिबमॉड्यूल-बिल्ड-पर्ल स्वतः लिहायचं.

जुन्या मॉड्यूलांत 'इंक' फोल्डरातलं मॉड्यूल-इन्स्टॉल असतं. पर्ल ५.२६ पासून चालू डिरेक्टरी शोधमार्गात नसते, त्यामुळे ते सापडतच नाही आणि कॉन्फिगरलाच बिल्ड पडतो. पर्ल-यूज-अनसेफ-इंक १ केलं की चालतं. पण ते रूल्स फाइलमध्ये फक्त कॉन्फिगरच्या पायरीपुरतं ठेवा.

आवृत्तीचा घोळ इथे सर्वात मोठा. पर्ल आवृत्तीला दशांश समजतं. लेखक १.१९ नंतर १.२ काढतो, त्याच्या हिशेबाने ती पुढची. डीपीकेजीच्या हिशेबाने २ हे १९ पेक्षा लहान, म्हणजे मागची! वॉच फाइलमध्येच (नवी आवृत्ती शोधायच्या फाइलमध्ये) १.२ चं १.२० करून घ्या. इपॉक, म्हणजे आवृत्तीच्या आधी लागणारा जास्तीचा आकडा, लावायची घाई नको, एकदा लागला की कायमचा चिकटतो.

आणि एक्सएस, म्हणजे सी कोड असेल तर आर्किटेक्चर 'एनी', म्हणजे प्रत्येक प्रोसेसरसाठी वेगळी डेब. पर्लची मोठी आवृत्ती बदलली की अशी सगळी पॅकेजं पुन्हा बिल्ड होतात. शुद्ध पर्ल असून चुकून 'एनी' लिहिलं तर प्रत्येक आर्किटेक्चरवर तीच फाइल उगाच बनत राहते. लिंटियन हे पॅकेज तपासणारं टूल ते पकडतं.

आरपीएमकर

पुण्यात २०११ ला सीओईपीत आणि २०१५ ला एमआयटीत फडकॉन ही फेडोराची परिषद झाली, आरपीएम, म्हणजे फेडोराची पॅकेजं, बांधणारी माणसं इथे हाकेच्या अंतरावर आहेत. एक सत्र फेडोराला द्या. तेच मॉड्यूल दोन्हीकडे बांधलं की मुलांना फरक लगेच कळतो.

स्पेक फाइलमध्ये (फेडोरात पॅकेजची कृती लिहायची फाइल) 'जनरेट बिल्डरिक्वायर्स' विभागात पायप्रोजेक्ट-बिल्डरिक्वायर्स हा एकच मॅक्रो. चाचण्यांच्या गरजा 'टेस्ट' या एक्स्ट्रामध्ये (ऐच्छिक गरजांच्या गटात) असतील तर त्याला तो एक्स्ट्रा द्या. मॉक, म्हणजे फेडोराचं स्वच्छ वातावरणात बांधणारं टूल, आधी पायप्रोजेक्ट वाचतं, लागणाऱ्या गोष्टी बसवतं, पुन्हा वाचतं, नवीन काही निघेनासं झालं की खरा बिल्ड सुरू. पुढे पायप्रोजेक्ट-व्हील, पायप्रोजेक्ट-इन्स्टॉल, मग सेव्ह-फाइल्सला मॉड्यूलचं नाव. त्याला छोटा एल लावा, म्हणजे लायसन्सची फाइल मेटाडेटात नसेल तर बिल्ड तिथेच थांबतो. चेक विभागात पायटेस्ट, आणि किमान चेक-इम्पोर्ट तरी हवंच. पीएनजीच्या चाचणीसाठी लोहित-देवनागरी-फाँट्स.

डेबियनशी मोठा फरक कुठे? लेखकाने 'हॅचलिंग अमुक आवृत्तीपेक्षा जुनंच हवं' अशी वरची मर्यादा घातली असेल तर डेबियनचं पायबिल्ड बिल्ड करताना ती तपासत नाही, पुढे जातं. फेडोरात ती थेट बिल्डरिक्वायर्स होते आणि मॉक म्हणतं असं पॅकेजच नाही. तेव्हा प्रेप विभागात ती मर्यादा काढा. मला फेडोराची रीत बरी वाटते, कारण न जुळणारी मर्यादा निदान दिसते तरी.

वाचनमात्र

एक विचारू का? टारबॉल पायपीआय या पायथॉनच्या भांडारावरचा घ्यावा की गिटच्या टॅगचा? दोन्ही सल्ले वाचले आहेत.

कंट्रोलफाइल

गिटच्या टॅगचा. पायपीआयच्या एसडिस्टमध्ये (सोर्सच्या टारबॉलमध्ये) चाचण्या किंवा दस्तऐवज अनेकदा गाळलेले असतात आणि तयार करून ठेवलेल्या फाइली मात्र असतात. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या कॉम्प्रेशन टूलच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मागचं दार सापडलं. ते चालू करणारी एम४ फाइल प्रसिद्ध केलेल्या टारबॉलमध्ये होती, गिटमध्ये नव्हती. टारबॉल म्हणजेच सोर्स असं मानून चालत नाही, हे त्यानंतर सांगायला नको. टॅगवर सही असेल तर तीही तपासा.

पर्लवाली_कर्वेनगर

पर्लमध्ये हे इतकं सरळ नाही. डिस्ट-झिला हे टारबॉल तयार करणारं टूल वापरणाऱ्या लेखकांच्या गिटमध्ये मेकफाइल डॉट पीएल नसतंच, ते सीपॅनवर चढवताना तयार होतं. गिटवरून घ्यायचं तर डिस्ट-झिला आणि त्या लेखकाचे सगळे प्लगइन बिल्ड-डिपेंड्समध्ये येतात. म्हणून पर्लमध्ये सीपॅनचाच टारबॉल घेतात. मात्र गिटच्या टॅगशी डिफ काढून पाहायला कोणी अडवलेलं नाही, आणि नवीन पॅकेज करताना तो काढावाच.

चिंचवड_कार्गो

रस्टबद्दल. शुद्ध रस्ट प्रोग्रॅमसाठी डेबियनमध्ये प्रत्येक क्रेट, म्हणजे रस्टची लायब्ररी, लिबरस्ट-अमुक-डेव्ह या नावाने वेगळं पॅकेज, डेबकार्गो ते बनवतं, क्रेटची फीचर्स 'प्रोव्हाइड्स'मध्ये येतात. कार्गो या रस्टच्या बिल्ड टूलची लॉक फाइल बाजूला ठेवली जाते, कारण तिच्यातले नेमके आकडे आर्काइव्हमध्ये कधीच जुळत नाहीत. काम सुरू करण्याआधी कार्गो ट्री काढा, आणि आर्काइव्हमध्ये नसलेल्या क्रेट्सची यादी करा. यादी लांब निघाली तर कार्यशाळेत त्याला हात लावू नका.

मला कार्यशाळेसाठी कार्गो व्हेंडर जास्त सोयीचं वाटतं. सगळे क्रेट्स एका फोल्डरात, कॉन्फिगमध्ये सोर्स त्या फोल्डरावर वळवा, नेट नको, बिल्ड होतो. गोचंही तसंच.

कंट्रोलफाइल

बिल्ड होतो हे खरं, पण आर्काइव्हसाठी तो सल्ला देऊ नका. व्हेंडर केलेल्या प्रत्येक क्रेटचं लायसन्स आणि हक्कधारक कॉपीराइट फाइलमध्ये लिहावे लागतात. ते कोणी लिहीत नाही आणि पॅकेज परत येतं. दुसरं, एखाद्या क्रेटमध्ये सुरक्षेची चूक निघाली की वेगळं पॅकेज असेल तर एका जागी दुरुस्ती आणि त्यावर बांधलेल्या प्रोग्रॅमांचं रीबिल्ड. व्हेंडर केलेलं असेल तर ते कुणाकुणाच्या पोटात आहे हे शोधण्यापासून सुरुवात. गो आणि रस्ट दोन्ही स्थिर जोडणीचे आहेत (लायब्ररी प्रोग्रॅमच्या पोटातच जाते), रीबिल्ड कुठेच टळत नाही, पण कुणाचं करायचं ते कळायला हवं ना.

चिंचवड_कार्गो

लायसन्सचा मुद्दा मान्य. शिकवताना व्हेंडर, आर्काइव्हला वेगळी पॅकेजं, असं म्हणू.

पायथॉन मॉड्यूलच्या आत रस्ट असेल त्यांच्यासाठी : बॅकएंड सेटअपटूल्स-रस्ट किंवा मॅच्युरिन असतो, म्हणजे बिल्डच्या साखळीत रस्टसी, कार्गो आणि पायथॉन-रस्ट जोडणारं पायओ३ सगळे येतात. नवीन पायथॉन आलं की पायओ३ 'इंटरप्रिटर आमच्या कमाल आवृत्तीपेक्षा नवा आहे' म्हणून थांबतं. फॉरवर्ड कम्पॅटिबिलिटीचं व्हेरिएबल लावून पुढे जाता येतं, पण ते मॉड्यूल पायथॉनच्या आवृत्तीगणिक न बदलणाऱ्या स्थिर एबीआयवर, म्हणजे एबीआय३ वर बांधलेलं असेल तरच. नाहीतर पायओ३ च नवं हवं. नुसतं सी किंवा सी++ असेल तर सीमेक या बिल्ड टूलमधलं फेच-कंटेंट शोधा, तेही बिल्डच्या वेळी नेटवरून सोर्स ओढतं. सीमेक ३.२४ पासून 'ट्राय फाइंड पॅकेज मोड' 'ऑलवेज' केला की आधी सिस्टिममधली लायब्ररी बघितली जाते. मेसन या दुसऱ्या बिल्ड टूलमध्ये रॅप मोड 'नो डाउनलोड'.

सिंहगडरोडकर

सगळ्यांच्या सूचना लावल्या, अनस्टेबलवर बिल्ड हिरवा झाला. डिस्ट-इन्फोत आवृत्ती बरोबर दिसते. आता एक प्रश्न राहतो, मुलं तो विचारणारच. बिल्ड टूलच बिल्ड टूलवर अवलंबून असेल तर पहिलं कोण बांधतं?

कंट्रोलफाइल

चांगला प्रश्न, आणि याचं उत्तर सोर्स उघडूनच दाखवा. फ्लिट-कोअर हे पायथॉनचं बिल्ड टूल घ्या. त्याला बाहेरचं काहीच लागत नाही, टॉमल वाचणारं टॉमलीसुद्धा त्याने आत घेतलंय, आणि ते स्वतःचं व्हील (बांधून तयार पायथॉन पॅकेज) स्वतःच बांधतं. मुद्दाम तसं ठेवलंय, म्हणजे साखळीला एक टोक मिळतं. त्यावर 'पॅकेजिंग' नावाचं मॉड्यूल वगैरे बांधतात. हॅचलिंगला पॅकेजिंग, पाथस्पेक, प्लगी आणि ट्रोव्ह-क्लासिफायर्स लागतात, म्हणजे त्याचा नंबर त्यानंतर.

खरी चक्रं चाचण्यांमुळे बनतात. पायटेस्टला प्लगी लागतं, प्लगीच्या चाचण्यांना पायटेस्ट. म्हणून नोचेकची ती खूण. एखादं नवं आर्किटेक्चर उभं करताना, डेबियन १३ मध्ये रिस्क-व्ही ६४ अधिकृत झालं तसं, पहिल्या फेरीत चाचण्या वगळून बांधतात आणि दुसऱ्या फेरीत चाचण्यांसह. ती खूण नसेल तर कुणाला तरी तुमची कंट्रोल फाइल हाताने बदलत बसावं लागतं.

आरपीएमकर

फेडोरात हेच बीकॉन्ड बूटस्ट्रॅप या स्पेकमधल्या चालू-बंद खुणेने होतं. पायथॉनची नवी आवृत्ती आली की बाजूच्या टॅगमध्ये (मुख्य भांडारापासून वेगळ्या जागेत) आधी बूटस्ट्रॅप चालू ठेवून बांधतात, मग बंद करून पुन्हा. मुलांना हे दाखवायला पायथॉन-सेटअपटूल्सचं स्पेक उघडा.

पर्लवाली_कर्वेनगर

रूबीचं कुणी विचारलं तर : रूबीच्या जेमपासून डेब बनवणारं जेम२डेब वापरा, आणि रूल्समध्ये एलसी-ऑल सी डॉट यूटीएफ-८ एक्सपोर्ट करा. जेमस्पेकमध्ये किंवा सोर्समध्ये देवनागरी असेल आणि लोकेल (भाषा व अक्षरांची सेटिंग) नुसतं सी असेल तर 'इनव्हॅलिड बाइट सिक्वेन्स इन यूएस-आस्की' येतं. आपल्याकडच्या मॉड्यूलांत हे हमखास. चाचणीला खरंच मराठी लोकेल, एमआर-आयएन, लागत असेल तर लोकेल्स-ऑल हे पॅकेज नोचेकसह घाला, सीएच-रूटमध्ये ते नसतं.

सिंहगडरोडकर

शेवटचं. फाँट फक्त चाचणीला नाही, मॉड्यूल चालतानाही लागतो. डिपेंड्समध्ये टाकू? आणि आर्काइव्हमध्ये चढवायचं असेल तर कार्यशाळेआधी काय उरकून ठेवू?

कंट्रोलफाइल

फाँट रेकमेंड्समध्ये, म्हणजे सहसा सोबत येतो पण सक्ती नसते. मजकूर उतरवणारा भाग फाँटशिवाय चालतो, आणि कुणाकडे नोटो असेल तर त्याच्यावर लोहित लादायची गरज नाही. रेकमेंड्समध्ये फाँट्स-लोहित-देवा किंवा फाँट्स-नोटो-कोअर असा पर्याय उभ्या रेघेने द्या. बिल्ड-डिपेंड्समध्ये मात्र एकच नेमका ठेवा, तिथे पर्याय दिला तरी बिल्ड मशीन पहिलाच घेतात.

टेस्टसूट फील्डमध्ये ऑटोपीकेजीटेस्ट-पीकेजी-पायबिल्ड लिहा, म्हणजे पॅकेज बसवल्यावर त्याच चाचण्या पुन्हा चालतात. फाइल सोर्समध्ये आहे पण पॅकेजात गेलीच नाही, हे तिथेच पकडलं जातं. चाचण्यांना लागणारा डेटा फोल्डर पायबिल्ड आपोआप नेत नसेल तर डेबियन डिरेक्टरीत पायबिल्ड डॉट टेस्टफाइल्समध्ये त्याचं नाव लिहा.

चढवण्याआधी आयटीपीचा ('हे पॅकेज मी करतोय' असा) बग डब्ल्यूएनपीपी या नव्या पॅकेजांच्या यादीवर नोंदवा, त्याचा क्रमांक चेंजलॉगच्या पहिल्या नोंदीत 'क्लोजेस' म्हणून येतो. कॉपीराइटसाठी लायसन्सचेक चालवा, पण त्यावर विसंबू नका : दस्तऐवजाच्या फोल्डरात लपलेली मिनिफाय केलेली जावास्क्रिप्ट आणि कुणीतरी टाकलेली टीटीएफ फाइल हाताने शोधा. सोर्स नसलेली सापडली तर कॉपीराइट फाइलमध्ये फाइल्स-एक्सक्लूडेड लिहून युस्कॅनने टारबॉल पुन्हा बांधा. डेबियन पायथॉन टीमकडे साल्सा या डेबियनच्या गिट सर्व्हरवर जागा मागा, स्पॉन्सर, म्हणजे तुमच्या वतीने अपलोड करणारा, तिथेच मिळण्याची शक्यता जास्त.

पहिलं अपलोड न्यू रांगेत (नव्या पॅकेजांच्या तपासणीच्या रांगेत) बायनरीसह जातं. मंजूर झाल्यावर ते तसंच सोडू नका : टेस्टिंग या पुढच्या शाखेत फक्त बिल्ड मशीनवर बनलेल्या बायनरी जातात, तुमच्या लॅपटॉपवरची डेब अनस्टेबलमध्येच अडकून राहते. चेंजलॉगमध्ये नवी नोंद घालून लगेच एक सोर्स-ओन्ली, म्हणजे बायनरीशिवाय, अपलोड करा.